खालून आलेलं ताट

मावशींचा मला पहिल्या दिवसापासून राग होता असं मी सगळ्यांना सांगते, पण ते खरं नाही. पहिले तीन-चार महिने त्या मला चक्क आवडत होत्या. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते, आणि घरमालकीण म्हणजे भिंतीत खिळा ठोकायलाही जिची परवानगी लागते अशी कुणीतरी बाई, अशी माझी समजूत होती. आमच्या सामानाचा टेंपो दारात थांबला आणि या बाईंनी काही न बोलता गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलं. बाबा मागून "अहो, राहू द्या, राहू द्या" करत नुसतेच हात पुढे करून जिना चढत होते. वर आल्यावर मावशींनी सिलिंडर ठेवलं, कमरेची कात्री काढली, आमच्या गाठोड्यांच्या सगळ्या सुतळ्या कचाकच कापून टाकल्या आणि खाली निघून गेल्या.

ती कात्री द्राक्षाची होती. लहान, निमुळत्या टोकाची, दांड्यांना लाल प्लास्टिक असलेली. जानेवारी ते एप्रिल मावशी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये कामाला जायच्या. सकाळी सातला कोपऱ्यावर टेंपो यायचा, त्यात पंधरा-वीस बायका कोंबून बसायच्या. तिकडे दिवसभर उभं राहून घडातला फुटका मणी, डागी मणी, बारका मणी कात्रीने उडवायचा आणि घड देखणा करून पुढे सरकवायचा, हे त्यांचं काम. हंगाम संपला तरी कात्री कमरेची सुटायची नाही. दुधाची पिशवी, कोथिंबीर, बिलं, कडक झालेली भाकरी, सगळं त्या तिनेच कापायच्या. एकदा फाटकापाशी मला थांबवून "डोळ्यात जात्यात की गं" म्हणत माझ्या कपाळावरचे केससुद्धा कापले होते. महिनाभर मी तिरक्या केसांनी शाळेत गेले.

त्यांच्याकडे आणखी एक वस्तू होती. मण्याचं माप घ्यायची प्लास्टिकची पट्टी, लहानमोठी भोकं असलेली. कुठल्या भोकातून मणी जातो आणि कुठल्यात अडकतो यावरून तो परदेशी जाणार की नाशिकच्या बाजारात, ते ठरायचं. मावशी त्या पट्टीने जगातल्या सगळ्याच गोल गोष्टी मापायच्या. लिंबं, बटाटे, शेजारणीच्या मंगळसूत्राच्या वाट्या. मग गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायच्या, "अठराचं हाय." त्या अठराचं पुढे काय करायचं हे कुणालाच कळायचं नाही.

त्यांचं माहेर नांदगावच्या बाजूचं. नवरा मनमाडला रेल्वेत होता, तो लवकर गेला, मुलगाही पुढे तिथेच रेल्वेत लागला. घर मात्र त्यांनी नाशिकला बांधलं होतं. मनमाडला पाणी नाही, हे कारण त्या सांगायच्या. सून आहे, हे शेजारणी सांगायच्या.

आता आईबद्दल.

माझ्या लहानपणी आई उत्तम स्वयंपाक करायची. मी सातवीत असताना तिला माणसं ऐकू यायला लागली. आधी मिक्सरमध्ये, मग पाण्याच्या टाकीत. ती माणसं तिच्याविषयी वाईटसाईट बोलायची आणि तिच्या अन्नात काहीतरी कालवायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. बाबांनी ते नाव नातेवाइकांत कधी उच्चारलं नाही, ते "तिला बीपीचा त्रास आहे" म्हणायचे. घर बदललं तेही यामुळेच. जुन्या सोसायटीत आई एकदा टाकीच्या झाकणावर बसून दिवसभर पहारा देत होती, आणि खाली बायका मोबाइलवर फोटो काढत होत्या.

तोवर आईने स्वयंपाक सोडलेला होता आणि बाबा सातपूरच्या कंपनीत पाळीला जायचे, त्यामुळे ओटा माझ्याकडे आला होता. सिडकोत आल्यावर चार महिन्यांत आईने माझ्या हातचं खाणं बंद केलं. ती म्हणायची, तू नाही गं, तुझ्या हातातून ते लोक घालतात, तुला कळतही नाही. चौदा वर्षांच्या मुलीला यातला फरक काय समजणार? मी ताट ठेवते आणि ती ते सरकवते, एवढंच मला दिसायचं. स्वतः सोललेली केळी आणि बंद पुड्यातली बिस्किटं यांवर तिने नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी न्हाणीघरात पडली. मग तीन आठवडे हॉस्पिटल. परत आली तेव्हा तिला ब्लाउजची बटणं लावता येत नव्हती, बोटं थरथरत होती. डॉक्टर बाबांना म्हणाले, "जेवण आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा आत. तेवढं सांभाळा." बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेवढं मी सांभाळायचं होतं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा माझं ताट सरकवलं. मी मुगाची खिचडी केली होती, मऊ, बिनतिखटाची. ताट हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असतानाच पुढच्या दाराने मावशी आल्या. हातात वाटीभर शेंगोळे, हुलग्याच्या पिठाचे, वर लाल तेलाचा तवंग.

आईने वाटीकडे बघितलं. "तुम्ही केलंत?"

"मग काय तुझ्या सासूनं?"

आई हसली. वर्षभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. ती सगळे शेंगोळे खाऊन वाटी चाटूनपुसून मोकळी झाली. मग मावशींनी गोळ्यांची पाकिटं मागितली, पट्टी काढली आणि एकेक गोळी भोकात घालून बघायला लागल्या. "ही सहाची. ही दहाची. बारकी आधी घे, म्हंजे मोठीला रस्ता होतो." आईने निमूट घेतल्या. ज्या गोळ्यांसाठी मी तिचे पाय धरले होते, त्या.

बाबांना त्या दिवशी रडू आलं, आनंदाने. मी खिचडी कचऱ्यात टाकली आणि भांडं इतक्या जोरात घासलं की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून बघितलं. त्या दिवसापासून मी मावशींवर जळायला लागले. दुसरा कुठलाही सभ्य शब्द मला सुचत नाही.

पण रोज शेंगोळे कोण करणार, आणि इतकं तिखट आईच्या पोटाला झेपणारं नव्हतं. चौथ्या दिवशी मावशीच म्हणाल्या, "पोरी, तू रांध, मी नेते. तिला काय ठावं पडतंय?" आमच्या स्वयंपाकघराचं एक दार मागच्या लोखंडी जिन्यावर उघडायचं. मी वर स्वयंपाक करायचा, आईपुरतं पातेल्यात घेऊन मागच्या जिन्याने खाली जायचं, मावशींच्या ताटात वाढायचं. मग मावशींनी ते झाकून पुढच्या जिन्याने वर यायचं. एकाच भांड्यातलं वरण. मी वाढलं तर विष, आणि जिना उतरून-चढून आलं की प्रसाद.

मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून ऐकत उभी राहायची. आईचा आवाज खणखणीत यायचा. "काय सुरेख वरण झालंय हो बाई! हिंग कसा अगदी बेताचा पडलाय. आमच्या घरी मेलं कुणाला जमत नाही."

"आमचं काय, आपलं येडंवाकडं," मावशी म्हणायच्या.

आमचं! माझ्या वरणाचं कौतुक त्या बाई अशा काही घ्यायच्या, जणू पहाटे उठून स्वतः डाळ निवडली होती. कधीकधी तर पाककृतीही सांगायच्या, आणि ती चुकीची असायची. वरणात धणे घालतात म्हणे. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची, पण बोलायची सोय नव्हती. आई जेवत होती ना. बाबा पाळीवरून आले की एवढंच विचारायचे, "खाल्लं ना तिने? मग झालं."

झालं काय, माझं कपाळ.

याहून वाईट गोष्ट पुढे होती. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आईचं बाकी काहीही सुटलं असेल, ही रीत सुटलेली नव्हती. सुरुवातीला ती मावशींच्या ताटात चिमूटभर साखर ठेवायची. मग गुळाचा खडा. मग एके दिवशी मी शाळेतून आले तर घरात बेसन भाजल्याचा वास. मी जिन्यात थबकले. आई ओट्याशी उभी होती, थरथरत्या हाताने लाडू वळत होती. दोन वर्षांनी ती गॅसजवळ गेली होती. मी हाक मारली तर दचकली आणि ताट पदराखाली घेतलं. "बाईंचं भांडं द्यायचंय," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा ती काहीतरी करायची. सांजा, थालीपीठ, शेंगदाण्याची चिक्की. आमच्यासाठी नव्हे, भांड्यासाठी. ते पोचवायचं काम माझ्याकडेच असायचं. मी ताट नेऊन आदळायची, आणि मावशी पायरीवर बसून माझ्यादेखत खायला लागायच्या. दर वेळी अर्धं माझ्यापुढे करायच्या. "घे गं."

"नको. तुमच्यासाठी केलंय तिने."

"घे तर."

"मला भूक नाही."

आईच्या हातच्या सांज्याचा वास नाकात असताना हे म्हणायला किती ताकद लागते, ते मला विचारा. मी ती चार वर्षं लावली.

मावशींच्या एकेक तऱ्हा मी डोळ्यांत तेल घालून बघायची, कारण कुठेतरी त्यांची चूक सापडायला हवी होती. जेवायच्या आधी आई कान टवकारून टाकीकडे बघायला लागली की मावशी काठी घेऊन गच्चीवर जायच्या आणि टाकीवर दणादण काठी आपटायच्या. "ए भाड्यांनो, गप बसा रे! बाई जेवती हाय. तुमची बडबड मागनं करा." मग खाली येऊन हात धुवायच्या, म्हणायच्या, "गेलं बघ. एक राह्यलंय लंगडं, ते बोलत नाय." आई जेवायला लागायची.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तिच्या भासांना होकार देऊ नका, वादही घालू नका. मी धावत येऊन मावशींना ऐकवलं. वाटलं, आता सापडल्या.

"डॉक्टरनं कुनाला सांगितलं?"

"मला."

"मग तू नको करू," त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन वर गेल्या.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीतला दिवस होता. कॉलेजमधून दुपारी आले तर घराला कुलूप. आई तीन वर्षांत एकटी फाटकाबाहेर गेली नव्हती. मी सगळी गल्ली पालथी घातली, बाबांना फोन केले, मंदिर, रिक्षास्टँड, सगळीकडे विचारलं. संध्याकाळी सहाला कोपऱ्यावर टेंपो थांबला आणि त्यातून मावशी उतरल्या. मागून आई. डोक्याला प्लास्टिकची टोपी, पदराला द्राक्षाचे डाग, चेहरा थकलेला आणि मोकळा.

"पॅकहाऊसला नेलं हुतं," मावशी म्हणाल्या. "घरी बसून काय करती?"

"तिकडे काय केलं तिने?"

"काय म्हंजे? घड साफ केले. कात्री दिली हातात."

आमच्या घरातल्या कात्र्या, सुऱ्या, ब्लेडं बाबांच्या कपाटात कुलपात होती. भाजी चिरायची झाली की मी किल्ली मागून घ्यायची. आणि या बाईंनी आईला परक्या माणसांत नेऊन तिच्या हातात कात्री दिली होती. मी रस्त्यातच ओरडायला लागले. टेंपोतल्या बायका वाकून बघत होत्या. तिने हात कापून घेतला असता तर? दुसऱ्या कुणाला मारली असती तर? तुम्ही कोण तिच्या?

मावशींनी मला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "चाळीस बायांत हिच्या एकटीचा हात थरथरतो. तरी हिचा एक घड परत नाय आला." आणि आईकडे वळून, "उद्या नको, दुखतील पाय. परवा जाऊ."

आई त्या रात्री झोपेच्या गोळीशिवाय झोपली. डोळा लागण्याआधी ती कुणाशी तरी, बहुधा स्वतःशीच, म्हणाली, "माझा एक घड परत आला नाही." मी तिच्या शेजारच्या खाटेवर होते. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आईला काय हवं हे दुसऱ्याला कळतं आणि आपल्याला कळत नाही, याच्याइतकी झोंबणारी गोष्ट नसते. मावशी एकदा तोंडघशी पडाव्यात, एखादी तरी मोठी चूक त्यांनी करावी, असं मी देवापाशी मागितलेलं आहे. मोठी चूक शेवटी माझ्याच हातून झाली.

बारावीची परीक्षा होती. आदल्या दिवशीचं मावशींचं ताट आणि डबा दोन्ही वरच होती, आईला त्यात काहीतरी घालून द्यायचं होतं म्हणून तिने अडवून ठेवली होती. पेपर अकराला, मावशींचा टेंपो सातला. हंगामात मावशी निघायच्या आधीच दिवसाचा डबा आईकडे देऊन जायच्या. टेंपोवाला हॉर्न मारत होता, मी घाईघाईत फडताळातला हाताला येईल तो डबा घेतला, त्यात भात-आमटी भरली, मागच्या जिन्याने धावत जाऊन मावशींच्या हातात कोंबला. त्या पुढच्या जिन्याने वर, आईला डबा, आणि तशाच टेंपोत.

इंग्रजीचा पेपर हातात पडला तेव्हा मला तो डबा डोळ्यांसमोर दिसला. आईच्या लग्नातला. झाकणावर यंत्राने कोरलेलं तिचं नाव, खाली "मामांकडून सप्रेम भेट". आपल्याकडच्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं, आणि चार वर्षं मी जपून फक्त मावशींचीच भांडी वापरली होती.

त्या पेपरात मी काय लिहिलं मला ठाऊक नाही. डोळ्यांपुढे हॉस्पिटलचा तो दरवाजा, बटणं न लागणारी बोटं. आता तिला कळलं असेल. आता ती मावशींच्या हातचंही खाणार नाही, आणि मग उरलं कोण? पेपर संपल्यावर रिक्षा केली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

आई झोपली होती, श्वास संथ. सकाळच्या गोळ्यांची चांदी उशाशी रिकामी पडलेली. ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलेला. मी तो उचलला. झाकणावरच्या नावावर आईने जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी लावली होती, दोन पदरी, कडा नखाने नीट दाबून. आतलं एक अक्षरही दिसत नव्हतं.

मी डबा घेऊन खाली पायरीवर मावशींची वाट बघत बसले. सहाला त्या आल्या, डबा बघितला, पट्टी बघितली आणि माझ्या शेजारी बसल्या.

"खाल्लं ना तिनं?"

"तिला माहीत आहे," मी म्हणाले. "मावशी, तिला माहीत आहे की मी करते."

"हां."

"हां म्हणजे? तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. म्हनली, ही मोहरी माझ्या पोरीच्या हातची हाय, जराशी करपती. पन तिला बोलू नका. तिचं नाव निघालं की ते लोक तिच्या मागं लागतील. तुम्ही तुमचं म्हनून आना, मी तुमचं म्हनून खाते."

मी डबा हातात फिरवला. मग म्हणाले, "पण ती तर म्हणायची, आमच्या घरी कुणाला जमत नाही."

"ते त्या लोकांना ऐकवायला. आन् हिंग बेताचा पडलाय, ते कुनाला ऐकवायची इतक्या मोठ्यानं? मी तर समोरच बसलेली. भिंतीपल्याड कोन हुतं?"

मला आनंद झाला. हे मला लिहून ठेवायचंय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल झाला नाही. झाला. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मी त्या बाईंवर अशी जळले की डोळ्यांपुढे अंधारी आली. चार वर्षं! चार वर्षं आई माझ्याविषयी बोलत होती, माझी मोहरी, माझा हिंग, माझी काळजी, आणि ते सगळं यांच्यापाशी. दोघींचं गुपित होतं आणि ते मीच होते. मलाच तेवढं बाहेर ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी ताट घेऊन तिच्यापुढे जाऊन बसले असते, म्हणाले असते, आई, तुला माहीत आहे ना, मग खा माझ्या हातचं. आणि तिने ते सरकवलं असतं.

मावशींनी कात्रीने डब्याच्या पट्टीचा सुटलेला कोपरा कापला. "आन् भांड्यात जे यायचं ना, सांजा, लाडू. ते दोघींपुरतं असायचं. निम्मं पोरीला द्या म्हनायची. मी रोज पुढं करायची. तू नाक मुरडायची."

मी तिथेच, पायरीवर, फाटकासमोर रडले. मावशींनी मला जवळबिवळ घेतलं नाही. त्या जमिनीवरच्या मुंग्या बघत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेपर कसा गेला?"

पुढच्याच वर्षी त्यांचे गुडघे गेले. पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभं राहणं बंद झालं, मग जिनाही. मुलगा मनमाडहून येऊन त्यांना घेऊन गेला. घर त्यांनी विकलं नाही, आम्हीही सोडलं नाही. आता त्या मनमाडलाच असतात, सुनेशी भांडतात आणि रोज संध्याकाळी आईला फोन करतात. आई फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार लावून घेते. मी आता नोकरी करते, चांगली मोठी बाई आहे, तरी ते दार लागलं की मी आजही जळते. मग मी टीव्हीचा आवाज वाढवते.

पण त्या गेल्या त्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं.

सकाळी मावशींना घेऊन जीप गेली. दुपारी आईने काही खाल्लं नाही. संध्याकाळी मी वरण-भात आणि वांग्याचं भरीत केलं आणि, काय वाटलं कुणास ठाऊक, ताट थेट तिच्यापुढे नेऊन ठेवलं. आता आम्हा दोघींना माहीत होतं, मधली बाई गेली होती. मला वाटलं, आता माझी पाळी. आई ताटाकडे बघत राहिली. तिचा हात उठला, अर्ध्यावर थांबला, आणि तिने ताट हळूच सरकवलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी शरम होती की मी मान वळवली.

सात वाजले. गोळ्या जेवणानंतरच्या. बाबा पाळीला गेलेले. मी मनात दिवस मोजायला लागले होते, नऊ दिवस, दहावा दिवस.

आई भिंतीकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पुढच्या दाराने कुणी आलं असतं तर बरं झालं असतं."

मी उठले. ताटावर झाकण ठेवलं, मागच्या लोखंडी जिन्याने खाली उतरले, घराला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर आले आणि बेल वाजवली. आईने स्वतः दार उघडलं. तिने पदर सारखा केला होता.

"या, बाई. बसा."

मी मावशी बसायच्या त्या खुर्चीवर बसले. तिने ताट घेतलं, झाकण काढलं. "तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हणाले.

ती जेवायला लागली. भरताचा घास, मग वरण-भाताचा. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, पाहुणी बसते तशी. अर्धा भात संपल्यावर ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"आमची मुलगी फार करते हो. कॉलेज करून येते, मग ओटा, मग माझं. तिच्या वयाच्या मुली मैत्रिणींबरोबर हिंडतात. ही माझ्या औषधांच्या वेळा पाठ करते. लहानपणी फार बडबडी होती. माझ्यामुळे गप्प झाली."

"तिला सांगा ना हे," मी म्हणाले.

"छे. ती रडते. ती रडली की मला गिळत नाही."

म्हणजे हे असं. रोज, दोन्ही वेळा, इतकी वर्षं, त्या खुर्चीवर बसून मावशी हे ऐकत होत्या. मला त्यांचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. मी दात आवळून धरले, कारण रडायचं नव्हतं.

"तुम्हीही तिला बोलू नका हं," आई म्हणाली.

"नाही बोलत."

ताटातला भात संपत आला होता. मी विचारलं, "अजून थोडा वाढू का?"

"वाढा," आई म्हणाली.